वरचा मजला

प्रिय ठमे,

आम्ही दोघं मजेत आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण ते ती तुला फोनवर सांगतच असेल. कारखान्यात खोक्यांचं काम जोरात आहे. नवं कटिंग मशीन आलंय. फोरमनकाका त्याला दिवसभर नावं ठेवतात आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.

मध्यंतरी कर खात्याचं पत्र आलं. खाली कारखाना, वर घर, आणि सगळी इमारत कंपनीच्या नावावर. मालक कंपनीच्या घरात फुकट राहतो, म्हणजे तो त्याचा पगारच झाला, त्यावर कर भरा, असं त्यांचं म्हणणं. कंपनी माझीच, मग फुकट कसलं, असं मी तणतणलो. आमच्या करसल्लागार बाईंनी शांतपणे समजावलं की कायद्याच्या लेखी मी वेगळा आणि कंपनी वेगळी.

मग त्या टेप घेऊन आल्या. कुठली जागा कंपनीची आणि कुठली आमची, हे लिहून द्यायचं होतं. जिना दोघांचा ठरला. स्वयंपाकघरावर अडलं, कारण बाराजणांचा चहा तिथेच होतो. कंपनीचं इथे फक्त आधण आहे, असं आईने सुनावलं. पुढे तुझी खोली. तू गेल्यापासून मी तिथे नमुन्याची खोकी रचत गेलो होतो, पार छतापर्यंत. बाईंनी दारातूनच पाहिलं आणि ‘गोदाम’ लिहायला घेतलं. तेवढा माझा कर वाचत होता. मी मान डोलावली. आई हात पुसत आली.

“ही ठमीची खोली आहे,” ती म्हणाली. “खोकी उचला.”

उचलली. फोरमनकाका आणि मी दुपारभर जिना चढत-उतरत होतो. रिकामी खोकी ती, तरी मला धाप लागली.

पुढच्याच महिन्यात वरचा मजला कंपनीकडून विकत घ्यायचं ठरवलं. आपलंच आपल्याला, स्वस्तात मिळेल असं वाटलं होतं. पण बाई म्हणाल्या, स्वतःच्या कंपनीकडून घेतलं तरी भाव बाजाराचाच लावावा लागतो. ठेव मोडली. वाईट वाटलं नाही.

ठमे, चार वर्षांपूर्वी तू काचकामाच्या नोकरीचं सांगितलंस, तेव्हा मी म्हणालो होतो, “घर कंपनीचं आहे. कंपनी सोडायची असेल तर घरही सोड.” संध्याकाळपर्यंत तू बॅग भरलीस. बोललो ते कागदोपत्री खरं होतं, या आडोशाला मी इतकी वर्षं बसून राहिलो. चुकलं माझं. सोमवारी खरेदीखत झालं, आईच्या एकटीच्या नावावर. या घरातून कोणालाही ‘जा’ म्हणायचा हक्क मला उरलेला नाही. नीट वागलो तर मलाही राहू देईल, असं आई म्हणते. तू कधीही ये.

तुझेच,
बाबा