पाच फूट नऊ इंच आणि एक स्टूल

३ मार्च, सोमवार

थेरपिस्ट बाई येऊन गेल्या. खुबा बदलून महिना झाला. प्रगती म्हणे ठीक आहे. 'ठीक' हा शब्द मला आवडत नाही. मी आयुष्यात कुणाला 'ठीक' बसणारा कोट शिवून दिलेला नाही.

बाईंचा हुकूम: कटिंग टेबलापाशी दिवसभर उभं राहायचं नाही. बुटक्या खुर्चीत बसायचं नाही. मग काय हवेत तरंगायचं? तर पर्चिंग स्टूल आणा. उंच असतं, बैठक पुढे किंचित उतरती, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. त्यावर बसायचं नसतं, नुसतं टेकायचं असतं. म्हणजे उभं नाही आणि बसलेलंही नाही. मेव्हणा काम करताना असतो, तसं.

पंधरा तारखेला बाई परत येणार. स्टुलावर सुरक्षित टेकता आलं तर कात्री हातात घ्यायला परवानगी. नाहीतर आणखी तीन महिने मेव्हणा. बाहेरच्या खोलीत दुकान माझं, टेबल माझं, कात्री माझी, आणि उभा हा. आयत्या बिळावर नागोबा. काल पट्ट्यांच्या कापडाचा खिसा असा कापला की खिशाच्या पट्ट्या शर्टाच्या पट्ट्यांना ओळखच देत नाहीत. हे तीन महिने चाललं तर गिऱ्हाइकं मला विसरतील. मला ते सहन होणार नाही.

बाईंनी उंची विचारली. पाच फूट नऊ. मोजू का म्हणाल्या. मी हसलो. जन्मभर जगाची मापं घेतली, आता जग माझं घेणार! हिला नेमका तेव्हाच खोकला आला.

संकल्प: उद्यापासून सांगितलेले सगळे व्यायाम. सकाळ-संध्याकाळ.

४ मार्च, मंगळवार

स्टूल खरेदी. मला चाकांचं पसंत पडलं. टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे सुळ्ळकन जाता आलं असतं. दुकानदार म्हणाला, ते डॉक्टर लोकांसाठी असतं, पेशंटने घेतलं तर डॉक्टरकडेच नेतं. आगाऊ माणूस. शेवटी दांडेवालं घेतलं, चारी पायांना रुंद रबरी टोप्या. टेकून बघा म्हणाला. नको म्हटलं, माझी नजर हीच टेप.

खरेदीत दमलो. व्यायाम उद्यापासून.

५ मार्च, बुधवार

स्टुलाच्या पायांना भोकं आहेत. बटण दाबायचं, पाय वर-खाली सरकवायचा, टक् वाजलं की बसला. सोबतच्या कागदावर उंचीप्रमाणे कितवं भोक ते छापलंय. पाच-नऊला पाचवं. चारी पाय पाचव्या भोकात बसवले. हे काम मेव्हण्याला जमलं नसतं.

टेकलो. पाय जमिनीला लागत नाहीत. अंगठे लागतात. बाईंनी तर बजावलंय की दोन्ही तळपाय पूर्ण टेकलेच पाहिजेत.

निष्कर्ष: या खोलीची फरशी खचली आहे. हिला सांगितलं. हिने अंगणाबद्दलची एक म्हण ऐकवली. ती इथे लिहीत नाही.

मेव्हणा म्हणाला, दाजी, शाळेत नाव घातल्यासारखे दिसताय. लक्ष दिलं नाही.

६ मार्च, गुरुवार

बँकेचे मॅनेजर पँटचं माप द्यायला आले. मी आतून लक्ष ठेवून. आमच्या दुकानाची रीत अशी की आकडा मोठ्याने बोलायचा तो गिऱ्हाइकाच्या मानाचा. खरं किती जास्त-कमी, ते कान खाजवून सांगायचं, एकदा म्हणजे एक इंच. मेव्हण्याने कंबर छत्तीस पुकारली आणि चार वेळा कान खाजवला. हिने कोपऱ्यात बसून मुकाट्याने चाळीस लिहिलं. मॅनेजर पोट आत घेऊन खूश. पँटही बरोबर बसेल.

एवढं मात्र मेव्हणा शिकला. मीच शिकवलंय. माणसाला गोड बोलून फसवायला फारसं कसब लागत नाही, अर्धं काम तो घरूनच करून आलेला असतो.

७ मार्च, शुक्रवार. सकाळी

युक्ती सुचली. फक्त स्टुलाचे पुढचे दोन पाय आखूड केले. माझे पाय जमिनीला लागतील, मागून उंचीही राहील.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

बैठक आधीच उतरती असते हे लक्षात घ्यायला हवं होतं. घसरगुंडी झाली. पडलो नाही. हिने दंडाला धरलं, मी लगेच दांडा पकडला आणि व्यवस्थित उतरलो. ही पांढरीफटक पडली होती. उगाच घाबरते.

चारी पाय पुन्हा सारख्या भोकात. पाचव्याच.

८ मार्च, शनिवार

जाड तळव्याचे बूट घातले. शिवाय पायाखाली गालिचा. उंचीचा प्रश्न संपला!

गालिचा सरकला. स्टूल सरकलं. मी त्यावरच असल्याने मीही. टेबलाची कड वेळेवर आली. हिने गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकला आणि बूट कुठेतरी लपवले. आता सापडत नाहीत.

मेव्हणा म्हणाला, दाजी, खरंच पाच-नऊ आहात का? त्याला कपाटाकडे नेलं. माझ्या सगळ्या पँटी आजही बरोबर टाचेपर्यंत येतात. उंची कमी झाली असती तर जमिनीवर लोळल्या असत्या. माणूस खोटं बोलेल, पँट बोलत नाही. मेव्हणा बहिणीकडे बघत राहिला.

व्यायाम: मनातल्या मनात केला.

१० मार्च, सोमवार

चमत्कार. आज चवडे टेकले! शरीर सरावतंय. ही हल्ली रात्री जेवणं झाली की स्टूल मन लावून पुसते. काल पुसताना टक् टक् ऐकू येत होतं. बहुतेक मेव्हणा बोटं मोडतो. वाईट खोड.

१२ मार्च, बुधवार

टाचाही जवळजवळ लागल्या. माझा सिद्धांत: नवीन खुबा मुरतो तसा पाय लांब होतो. व्यायामाची काही गरज नव्हती. सुंठीवाचून खोकला गेला.

१३ मार्च, गुरुवार

तळपाय पूर्ण जमिनीवर! डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. टेबलावर हात टेकवला, कापडावरून फिरवला. महिन्याभरात पहिल्यांदा कापड मला बरोबर उंचीवरून दिसलं.

रविवारी मेव्हण्याला निरोप देईन. चार शब्द चांगले बोलेन. दोन पुरतील.

१५ मार्च, शनिवार

बाई आल्या. सगळं करून दाखवलं. आधी स्टूल कोरड्या फरशीवर, टेबलाच्या अगदी जवळ. मग पाठमोरं जाऊन पायांना बैठक लागेपर्यंत मागे सरकलो. मागे हात नेऊन दोन्ही दांडे चाचपले. सावकाश टेकलो. लांबचा खडू वाकून ओढला नाही, मेव्हण्याकडून मागितला. उठताना पुन्हा दांडे. बाई म्हणाल्या, उत्तम. 'ठीक' नाही, उत्तम! कात्री घ्यायला हरकत नाही, मधूनमधून उठून चाला.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण बाईंना शास्त्रीय माहिती असावी म्हणून सांगितलं, की पाच-नऊच्या उंचीला पाचव्या भोकात आधी पाय लागत नव्हते, पण खुबा मुरल्यावर पाय लांब झाला. हात दाखवून अवलक्षण.

बाई खाली वाकल्या. स्टूल दुसऱ्या भोकात होतं. चारी पाय, एकसारखे. कागद पाहून म्हणाल्या, हे तर पाच-सहाचं माप. आणि तुम्हाला अगदी बरोबर बसतंय.

ही सुईत दोरा ओवू लागली. सुईत आधीच दोरा होता.

मी गरजलो. मोजा! माझ्याच टेपने मोजा! अनवाणी दाराच्या चौकटीला उभा राहिलो, छाती पुढे, मान ताठ. मेव्हण्याने टेप लावली. टेपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. मग मोठ्याने, अगदी माझ्याच सुरात म्हणाला, पाच फूट नऊ!

बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी विजयी नजरेने हिच्याकडे बघणार, एवढ्यात मेव्हण्याने कान खाजवला.

मनात म्हटलं, डास असेल.

पुन्हा खाजवला. मग तिसऱ्यांदा.

हिने लिहूनसुद्धा घेतलं नाही. तिला पाठ होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

हिला विचारलं. स्टूल तूच खाली घेत होतीस? हो म्हणाली. सगळं एकदम खाली घेतलं असतं तर तुमच्या लक्षात आलं असतं, म्हणून एका वेळी एकच भोक. आणि पँटी? दर दोन-तीन वर्षांनी खालून थोड्या दुमडते म्हणाली. कधीपासून? तर चहा टाकू का विचारून आत गेली.

वाईट वाटलं. चांगलं घसघशीत वाईट वाटलं. मग स्टुलावर जाऊन टेकलो. पाय पूर्ण लागले. बाईंनी कागदावर सही करून ठेवलीय, कात्री टेबलावर आहे, आणि ती माझी आहे.

मेव्हणा करड्या रंगाचं कापड घेऊन आला. दाजी पुन्हा कामाला लागणार म्हणून त्याच्याकडून नवी पँट. चांगलं कापड आहे, हे कबूल करावं लागेल. अजून महिनाभर मदतीला थांब म्हटलं. पट्ट्या जुळवायला शिकवीन. तो खूश झाला. मग खडू हातात घेऊन अगदी निरागस चेहऱ्याने त्याने विचारलं की उंची किती धरू. ही दारात चहा घेऊन उभी होती.

पाच फूट नऊ, मी खणखणीत आवाजात सांगितलं.

मग कान खाजवला. तीनदा.