घरचे गहू

दादा,

तुला नमस्कार लिहायला हात धजत नाही, तो आईला सांग. माझं पोट आता बरं आहे, तिने जिवाला घोर लावून घेऊ नये.

तू काही घोर लावून घेणार नाहीस, पण पोट का बिघडलं ते ऐक. मी कामाला आहे त्याच गिरणीचं पीठ आमच्या खानावळीत येतं. पोळ्या कडू लागल्या आणि आम्ही सगळेच आडवे झालो. मुकादमाने गिरणीतली गव्हाची उरलेली पोती उपडी करायला लावली. त्यातल्या एकाच्या तोंडाला आईने फक्त आपल्या दोघांना शिकवलेली उलटी गाठ होती. मी हरखलोच रे, घरचे गहू! वर-खाली टपोरे दाणे, आणि मधे बुरशीने काळे पडलेले.

वहिनी घरच्या पोळ्यांना कुठले दळते, वरचे की मधले?

मुकादम ओरडला, "कुणाचा हा उद्योग?" मी म्हटलं, "माझ्या सख्ख्या भावाचा." त्याने मला फाटकावरच उभं केलंय. तुझ्याकडून येणारं प्रत्येक पोतं आता मीच उपडं करणार.

गाठ तेवढी बदलू नकोस. ओळखायला बरी पडते.

नाइलाजाने तुझाच,
धाकटा