बाबाचा फोटो काही निघत नाही

दिग्रस, गुरुवार

ती. विमलताई,

घनश्यामचा दुरूनच नमस्कार (जवळून केला तर तू पाय मागं घेशील, हे मले ठाऊक आहे). भाऊजींचा गुडघा काय म्हणते? तूर सोंगून झाली का? इकडं सगळे मजेत. तू फोन उचलत नाही, फॅमिली ग्रुपमधूनही निघून गेली, म्हणून पत्र लिहून राह्यलो. तसं खास काम काही नाही.

माझ्या निकिताच्या लग्नातल्या त्या फोटोचा विषय मी काढतच नाही. सारं खानदान स्टेजवर, अन् तू आत बुंदीच्या डब्यायले झाकणं लावत राह्यली. आपल्या बापाले आपली आठवणच झाली नाही, म्हणून तू माहेर सोडलं, त्याले दोन वर्षं झाली. जाऊ दे ते. माय-बाबाच्या लग्नाले परवा पन्नास वर्षं झाली, त्याची गंमत तेवढी सांगतो.

दोघायचा एकत्र असा एकही धड फोटो घरात नाही. म्हणून माझ्या पोरानं, ऋतिकनं, त्यायले अंगणात खुर्च्यांवर बसवलं. मायनं मोरपंखी लुगडं नेसलं (तूच घेतलेलं, दुसऱ्या कोणत्याले हात लावत नाही). बाबा इस्त्रीची टोपी घालून ताठ. ऋतिकनं मोबाईल वर केला, की बाबाचे डोळे गपकन बंद! एक नाही, दोन नाही, सत्तेचाळीस फोटो काढले. सत्तेचाळीसात माय हसून राह्यली अन् बाजूले बाबा डोळे मिटून. माय म्हणे, "आता हार तेवढा घालायचा राह्यला." चिडलीच ते.

मग उलगडलं. नोव्हेंबरात पेन्शनसाठी ऋतिकनं मोबाईलवरच बाबाचा हयातीचा दाखला काढलता. त्यात मोबाईल म्हणते, डोळे मिचकावा. मिचकावले की माणूस जिवंत आहे हे सरकारले पटते. बाबानं ते असं डोक्यात धरलं, की मोबाईल समोर आला की मिचकावायचंच. मी समजावलं, बाबा, हा घरचा फोटो आहे, पेन्शनचा नाही. तर म्हणे, "मोबाईल तर तोच आहे ना बे? त्याले काय समजते?" तुझं डोकं बाबावरच गेलं आहे, याचं उत्तर तूच दे.

शेवटी देवीलाल फोटोग्राफरले बोलावलं, मोठा कॅमेरा घेऊन. त्याच्यासमोर बाबाचे डोळे असे टकटकीत उघडे, की मले भरून आलं. सारे मागं उभे राह्यलो. देवीलालनं रीतीप्रमाणं विचारलं, "सगळे आले का?" अन् बाबा खुर्चीवरून उठले. टोपी काढली. म्हणे, "बत्तीस वर्षं कंडक्टरकी केली. मोजल्याबिगर डबल बेल दिली नाही. इथं एक जण कमी आहे." अन् आत जाऊन बसले. मायनं लुगडं बदललं. देवीलाल चहा पिऊन गेला.

तर अशी गंमत झाली. बाकी ठीक. भाऊजींले नमस्कार.

तुझा भाऊ,
घनश्याम

ता. क. : खास काम नाही, हे मी खोटं लिहिलं. देवीलाल येत्या रविवारी अकरा वाजता पुन्हा येते. तू ये. बाबा रोज सकाळी पेपर आणाले म्हणून स्टँडवर जातात, अन् तुमच्या पुसदकडून येणारी गाडी पाहून परत येतात. पेपर तर आपल्या घरीच येते.

आणखी एक : निकिताच्या लग्नातही त्या फोटोवाल्यानं "सगळे आले का?" विचारलंतं. "आले, मार फोटो!" म्हणणारा मी होतो, ताई. बाबा तवा स्टेजवरच पाहुण्यायले हात जोडण्यात होते. तू त्यायच्यावर रुसली अन् मी भेकडासारखा गप्प राह्यलो. बाबाले पहिल्या दिवसापासून माहीत आहे. दोन वर्षं तुझा राग सोसला, पण माझं नाव घेतलं नाही. मले लाज वाटते. माफ कर.

शेवटचं : एवढं वाचून मले फोटोत घ्यायचं नसलं, तर मी बाजूले उभा राहीन, माझी काही तक्रार नाही. (कडेले तरी घे.)