अध्यक्षांच्या कानाशी

ता. ३, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा आहे, वेळेवर जेवतो, कपडे स्वतः धुतो. हे तीन प्रश्न तू विचारणारच, म्हणून आधीच उरकले. पत्र अशासाठी, की फोनवर तू बोलतेस तेव्हा बाबा शेजारच्या खोलीत असतात, आणि ते ऐकताहेत हे तुझ्या आवाजावरून कळतं. हे त्यांना दाखवू नकोस. माझी चौकशी केली तर सांग, मजेत आहे. केली तर.

काम मिळालंय. इथे नगराध्यक्षाची निवडणूक आहे, तेवीस तारखेला मतदान. मी ज्यांच्याकडे आहे ते पंधरा वर्षं त्याच खुर्चीवर आहेत. वय एक्क्याऐंशी. सगळं गाव त्यांना अध्यक्ष म्हणतं, घरात बायकोसुद्धा. "अध्यक्ष, आंघोळीचं पाणी निवलं," असं ओरडते तेव्हा हसू दाबावं लागतं.

माझं काम त्यांच्या एक पाऊल मागे चालायचं. घरोघर हिंडताना दार उघडायच्या आत कानाशी सांगायचं : शिंपी, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पुढचं दार : शाळेतल्या बाई, गटाराची तक्रार तीनदा. वही माझ्या खिशात. मग अध्यक्ष शिंप्याचे दोन्ही हात धरून विचारतात, "काय, गुडघा काय म्हणतोय?" आणि तो बिचारा लोण्यासारखा विरघळतो. तू म्हणशील, ही फसवणूक झाली. अगं, आमचा विरोधक फर्निचरवाला अवघ्या बेचाळिशीचा, त्याने कानाशी दोन माणसं ठेवलीत!

त्या फर्निचरवाल्याने गावभर फलक लावलेत : 'अध्यक्ष, आता आराम करा!' खाली आरामखुर्चीचं चित्र. परवा चहाच्या दुकानात त्याचा एक चमचा म्हणाला, "म्हाताऱ्याला मत म्हणजे रिकाम्या पाकिटावर तिकीट." मी टेबल उलटं केलं. तीन कप फुटले. वय बघून मत देतात काय? मग उंची बघून द्या, केस बघून द्या! आता तो दुकानदार मला कागदाच्या कपातच चहा देतो.

आता खरं सांगू? हसू नकोस. त्यांची नात आहे. औषधांच्या दुकानात काम करते. सकाळी सात कप्प्यांच्या डबीत अध्यक्षांच्या गोळ्या भरते आणि मी दारात उभा राहून बघतो. आजवर माझ्याशी चार वाक्यं बोलली. त्यातलं एक 'चपला बाहेर' हे होतं, पण मी धरलंय.

तुझा,
भडकू


ता. १४, शुक्रवार

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. 'आधी कॉलेज, मग प्रेम' हे वाक्य तू रेघ मारून लिहिलंस, तेही पोचलं.

इथे एक भानगड झालीय. गेल्या शुक्रवारी दवाखान्यात दिवसभर पाणी नव्हतं. ऑपरेशनं पुढे ढकलली, नर्स बादल्या घेऊन शेजारच्या घरांतून पाणी मागत फिरल्या. चौकशीत निघालं, की पाणीवाल्याने, म्हणजे टाकीचे पंप सांभाळणाऱ्या माणसाने, न कळवताच टाकी धुवायला रिकामी केली. तो म्हणतो, अध्यक्षांनीच गुरुवारी फोन करून सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "मी? मी असं सांगेनच कसा?" फोन झाल्याची नोंद आहे, पण ते तर पाण्यासाठी त्याला रोजच फोन करतात. सोमवारी त्याला घरी बसवलं. बावीस वर्षं नोकरी केलेला माणूस.

असो. प्रचार जोरात आहे. अध्यक्षांची तब्येत ठणठणीत, जिना तर माझ्या आधी चढतात. हां, परवा एका गल्लीत तीन घरं झाल्यावर ते पुन्हा पहिल्याच घराकडे वळले. मी पटकन म्हणालो, "अध्यक्षांना तुमच्या घरचं पाणी गोड लागलं!" सगळे हसले. उन्हात असं कुणाचंही होतं.

ती काल म्हणाली, "आजोबा बरे आहेत ना रे? तू दिवसभर बरोबर असतोस." मी म्हणालो, "एकदम फर्स्ट क्लास." ती हसली. एवढं हसू माझ्या वाट्याला आलं, पण त्यानंतर जेवण गेलं नाही. का ते विचारू नकोस.

बुधवारी शाळेच्या सभागृहात दोन्ही उमेदवार समोरासमोर. लोक प्रश्न विचारणार. प्रचार सांभाळणाऱ्या पुतण्याने अध्यक्षांच्या कानात बसेल असं बारीक यंत्र आणलंय. मी पडद्यामागे बसून उत्तरं सांगायची.

तुला एक विचारतो. बाबांनी बसच्या डेपोत जाऊन ते सांगितलं, त्याच्या आदल्या रात्री ते झोपले होते का? तुला माहीत असेल तर कळव. सहज विचारलं.

तुझा,
भडकू


ता. २५, मंगळवार

तीर्थरूप बाबांस,

साष्टांग नमस्कार.

अक्षर बघूनच तुम्ही हे बाजूला ठेवाल, म्हणून ताईला सांगितलंय की नाही वाचलं तर वाचून दाखव. सात महिन्यांत पहिलंच पत्र. मी कुठे आहे, काय करतो, हे तिने तुम्हांला सांगितलंच असणार. तिच्या पोटात काही राहत नाही. पाणीवाल्याचंही सांगितलं असेल. मी तिला जे लिहिलं नव्हतं ते इथे लिहितो.

तो फोन मी ऐकला होता.

गुरुवारी आम्ही गाडीत होतो, मी पुढे, अध्यक्ष मागे. त्यांनी फोन लावून स्पष्ट सांगितलं, "टाकी उद्याच्या उद्या धुऊन घे. दवाखान्याला मी कळवतो." मग फोन खिशात ठेवला, बाहेरचा फलक वाचला आणि मला विचारलं, "आज वार कुठला?" दवाखान्याला कळवलंच नाही. दुसऱ्या दिवशी पाणीवाला समोर हात जोडून उभा होता, "साहेब, तुम्हीच सांगितलंत." अध्यक्ष खोटं बोलत नव्हते, बाबा. त्यांना खरंच आठवत नव्हतं. आठवत मला होतं. मी एक पाऊल मागे उभा होतो आणि एरवी कानाशी बडबड करणारा मी मूग गिळून गप्प होतो.

कारण सांगायला लाज वाटते. मी बोललो असतो तर प्रचार संपला असता आणि त्या घरात सकाळी जायचं मला निमित्त उरलं नसतं. कुणाला बघायला, ते ताईला विचारा.

मंगळवारी संध्याकाळी पाणीवाल्याच्या घरावरून गेलो. दारात बसून तो मुलीच्या सायकलची साखळी चढवत होता. मला बघून म्हणाला, "काय रे, अध्यक्षांची तब्येत बरी आहे ना? उन्हातान्हात फिरवू नका त्यांना." शिवी दिली असती तर मी भांडलो असतो. भांडायला मी कुठे कमी आहे? पण हे ऐकून मी आल्या वाटेने परत फिरलो.

बुधवारी सकाळी पुतण्या यायच्या आत अध्यक्षांच्या खोलीत गेलो. ते खिडकीशी दाढी करत होते. उभ्याउभ्याच सांगून टाकलं. त्यांचा वस्तरा गालावरच थांबला.

"मी सांगितलं?"

"हो."

"दवाखान्याला मी कळवतो, असंही म्हणालो?"

"हो."

"आणि तू तेरा दिवस काय करत होतास? झोपला होतास?"

मी म्हणालो, "मला तुमच्या घरी यायला मिळावं म्हणून गप्प राहिलो." तोंडातून निघूनच गेलं. मागे दारात ती गोळ्यांची डबी घेऊन उभी होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं. पण त्या खोलीला फरशी होती.

अध्यक्षांनी उरलेला अर्धा गाल शांतपणे उरकला. तोंड पुसलं. मग म्हणाले, "गल्लीतल्या त्या घरी मी दोनदा गेलो होतो ना? त्या बाईच्या चेहऱ्यावरून कळलं होतं मला. तू विनोद केलास आणि मला वाटलं, चला, झाकलं गेलं. पोरा, गेलं वर्षभर सगळे माझ्याभोवती विनोदच करताहेत." त्यांचे डोळे भरले असावेत, पण चष्म्याशिवाय ते तसेही ओलसर दिसतात, नीट सांगता येत नाही. आतून बायको ओरडली, "अध्यक्ष, चहा!" ते म्हणाले, "हे अध्यक्षपण आता फार झालं बघ."

सभागृहात त्यांनी ते यंत्र कानात घातलंच नाही, टेबलावर सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. पहिलाच प्रश्न फर्निचरवाल्याच्या माणसाने विचारला, "या वयात झेपणार का?" अध्यक्ष उठले. म्हणाले, "एक्क्याऐंशी वर्षांची मला लाज नाही. माझी थोरली बहीण सत्त्याऐंशीची आहे, तिला उभं केलं असतं तर मी स्वतः तिच्या मागून हिंडलो असतो. पण तेरा दिवसांपूर्वी मी एक फोन केला आणि विसरलो. दवाखान्याचं पाणी माझ्यामुळे गेलं. शिक्षा दुसऱ्याला झाली. तो उद्या सकाळी कामावर येईल, आणि मी त्याची इथेच माफी मागतो." पाणीवाला मागच्या रांगेत होता. तो उभा राहिला आणि काय करावं न सुचून त्यानेही हात जोडले. मग अध्यक्ष म्हणाले, "अर्ज मागे घ्यायची तारीख गेली. माझं नाव यादीत राहणार. त्यावर शिक्का मारू नका."

पुतण्या डोक्याला हात लावून बसला होता. फर्निचरवाल्याने तर भाषण म्हाताऱ्यावर तयार केलं होतं, आता बोलणार काय! शेवटी उठून त्याने अध्यक्षांना खुर्ची पुढे ओढून दिली. तेवढं त्याने चांगलं केलं.

काल निकाल लागला. फर्निचरवाला निवडून आला. अध्यक्षांना तरीही सहाशे बारा मतं पडली. ते म्हणाले, "विसरायचा रोग गावात मला एकट्यालाच नाही." आणि बाबा, किती महिन्यांनी असतील कोण जाणे, दुपारी दोन तास गाढ झोपले. घर चिडीचूप, सगळे पायांच्या बोटांवर चालत होते आणि सगळ्यांच्या तोंडावर असं काही होतं जसं ताप उतरलेल्या मुलाच्या घरी असतं. मलाही हलकं वाटत होतं. ती माझ्याशी चार दिवस बोलली नव्हती. काल म्हणाली, "मी तुला विचारलं होतं आणि तू तोंडावर खोटं बोललास. हे मी लवकर विसरणार नाही. आमच्या घरात सगळेच विसरत नाहीत." आणि थोड्या वेळाने, "चहा घेऊन जा." कपातून दिला. काचेच्या.

वयाकडे बघून मत द्यावं की देऊ नये, यावर मी आता टेबलं उलटी करणार नाही. मला एवढंच कळलंय, की अध्यक्षांना 'चुकलं' म्हणणारं जवळ कुणी नव्हतं. तिथे मी होतो, आणि मी म्हणत नव्हतो.

आता जे लिहायला इतकी पानं घेतली ते लिहितो.

बस चालवताना संध्याकाळच्या उजेडात तो सायकलवाला तुम्हांला उशिरा दिसला. त्याला ओरखडाही आला नव्हता. गाडीत कुणाला कळलंसुद्धा नव्हतं. तुमचं वय अवघं त्रेपन्न. डोळ्यांची तपासणी आठ महिने लांब होती. तरी तुम्ही दुसऱ्या दिवशी स्वतः डेपोत जाऊन सांगितलंत, "मला गाडी देऊ नका," आणि चौकशीच्या खिडकीत जाऊन बसलात. माझ्या कॉलेजचीच ती बस होती. वर्गातली पोरं म्हणाली, तुझा बाप घाबरला. त्यांच्याशी मारामारी केली आणि घरी येऊन तेच तुम्हांला सुनावलं. 'कुणी विचारलं होतं का तुम्हांला? भित्रे आहात तुम्ही.' तुम्ही जेवत होता. ताट बाजूला सारलं नाहीत, एक शब्द बोलला नाहीत. मी कॉलेज सोडलं, घर सोडलं, आणि सगळ्यांना सांगत सुटलो की मला तत्त्व आहे.

ताईने कळवलंय, डेपोत जाण्याच्या आदल्या रात्री तुम्ही झोपला नव्हता. मला तेरा रात्री लागल्या, तुम्हांला एक पुरली.

कॉलेजचे अर्ज पुढच्या महिन्यात निघतात. भरणार आहे. पण त्यासाठी हे लिहीत नाही. तो शब्द मी तुमच्या तोंडावर उच्चारला होता, तो पत्राने परत घेता येत नाही. तोंडावरच घ्यायला हवा. म्हणून शनिवारी दुपारच्या गाडीने येतोय. तुम्ही काही बोलला नाहीत तरी चालेल. रागावलात तर फारच बरं.

आईला नमस्कार. ताईला सांगा, हे पत्र तिने आधी फोडलं असेल तर मला कळलंय.

तुमचाच,
(असं मी अजून लिहितोय. नको असेल तर शनिवारी सांगा, मी ऐकून घेईन.)