फणसाचा कंगवा आणि माझी सही

प्रिय दादा,

वर्षभर तुला काही लिहिलं नाही. आज लिहितोय, कारण वहिनीचं पत्र आलंय. "भावजी, माउथऑर्गनच्या नव्या डब्यांवर 'फणसाच्या लाकडामुळे सूर गोड' असं छापतोय. बहरीनला तुम्ही दोघांनी परीक्षा घेतली होती ना? तसं दोन ओळींत लिहून, सही करून पाठवा."

सही कशी करू दादा? त्या परीक्षेत मी लबाडी केली होती.

उम्म अल हस्सम वस्तीतली आपली खोली आठवते? इथल्या दमट हवेनं तुझ्या माउथऑर्गनचा लाकडी कंगवा, तो आतला भोकांचा सांगाडा, फुगून चिरला. मी मिलिंग मशीनवर काम करणारा. म्हटलं, ॲल्युमिनियमचा करून देतो. तू सुतार! देवघरात चप्पल घालून आल्यासारखं बघितलंस माझ्याकडे. आणि वहिनीनं दिलेल्या फणसाच्या पोळपाटाची कडच कापलीस. पुढे वर्षभर आपल्या चपात्या एका बाजूनं सरळ व्हायच्या!

मीही हट्टानं माझा कंगवा केलाच. मग त्या शुक्रवारी तू माझे डोळे बांधलेस. पितळी पात्या त्याच, फक्त मधला कंगवा बदलायचा. तू वाजवायचास, मी ओळखायचं. सहापैकी सहा बरोबर!

तू मला मिठी मारलीस. पण मी सूर ओळखलाच नव्हता रे. लाकूड ओलं राहू नये म्हणून फणसाचा बाजा तू वाजवण्याआधी दोनदा मांडीवर आपटायचास. माझ्या कंगव्याला तो मान कधीच मिळाला नाही. मी ते आपटणं मोजत होतो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तुझा चेहरा बघून जीभ उचलली नाही. आणि त्या भरवशावर तू नोकरी सोडून गावी कारखाना काढलास! पण तुझंही चुकलंच. एकदा तरी तू डोळे बांधून मला वाजवायला सांगायचंस. भीती वाटत होती ना?

या शुक्रवारी, गावी जाताना तू मला देऊन गेलेला बाजा काढून मी दोन्ही कंगव्यांची पुन्हा परीक्षा घेतली. वर्कशॉपमधला मथाई पडद्याआड वाजवत होता. आपटायचं नाही, अशी त्याला सक्त ताकीद. आणि दादा, माझा कंगवा खरंच दुबळा वाजला! वाटलं, जिंकलास तू. तिथेच थांबून सही केली असती तर कुणाला कळलं असतं?

पण थांबलो नाही. कंगवा काचेवर ठेवून बघितला, तर मधे फट. हवा गळत होती. तू करायचास तसा काचेवर पॉलिशपेपर ठेवून दोन तास घासला. तुझ्या फणसाला इतक्या वर्षांनीही काही करावं लागलं नाही. मग पुन्हा ऐकलं, पुनःपुन्हा ऐकलं. नाणं उडवून जेवढं बरोबर आलं असतं, तेवढंच आलं.

मथाई पडद्याबाहेर आला. "सुरेशभाई, सब सेम-सेम. मफी फरक. खलास!" काही फरकच नाही म्हणे.

मला रडू आलं, लपवत नाही. तुला खोटं ठरवायला मी हे केलं नव्हतं.

वहिनीला सगळं कळवतोय. ती चिडेल, चिडू दे. सुराचं काही छापायचं नाही. छापायचं असेल तर एवढंच, 'हवा गळत नाही'. ते तुझ्या हातचं आहे, आणि ते मी तपासलंय. त्याखाली सही करतो.

पुढच्या महिन्यात लीव्ह मिळतेय. तू गेल्यापासून वर्षभर रिकाम्या असलेल्या तुझ्या बाकावर बसणार आहे. एकेक कंगवा काचेवर ठेवून बघितल्याशिवाय डबा बंद होऊ देणार नाही, हा माझा शब्द. आणि प्रत्येक बाजा वाजवून बघण्याआधी दोनदा मांडीवर आपटीन. तू असशील तिथे ओळखशील.

तुझा धाकटा,
सुरेश