हवा खराब

१२ मार्च, संध्याकाळचे साडेपाच

प्रिय भाऊजी,

आशीर्वाद. तुमची तिन्ही पत्रं पोचली. पहिल्याला मी कळवलं की खोकं मिळत नाही. दुसऱ्याला कळवलं की पाठ धरली आहे. तिसऱ्यासोबत तुम्ही खोकंच पाठवलंत, आत भुसा, वर दोरी, शिवाय पाठीला चोळायचं मलम. आता कुठली सबब सांगावी ते सुचेना, म्हणून तीन आठवडे काहीच लिहिलं नाही. उशीर झाला असं लिहिणार होते, पण झाला नाही, मी केला.

जाऊबाईंचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरा म्हणावं, कोणी बघत नाही. मी बरी आहे. जेवते, झोपते, वाचते. नळवाल्याला दोनदा निरोप पाठवला तेव्हा तो एकदा आला आणि गळका नळ आणखी गळका करून गेला.

आता दुर्बिणीतला आरसा काढून खोक्यात कसा घालायचा, याची तुमची ती नऊ कलमं. भाऊजी, तुम्ही चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलीत हे मान्य, पण मी घड्याळ नाही. ‘कलम एक : हात कोरडे असावेत. कलम दोन : नळीच्या बुडाशी तीन खिट्ट्या आहेत, त्या एकदम सोडू नयेत.’ अहो, त्या खिट्ट्या अडतीस वर्षं माझ्याच मागच्या अंगणात उघडबंद होत आल्या. ‘कलम चार : आरशाच्या तोंडाला बोटसुद्धा लावू नये,’ आणि त्याखाली दोन रेघा. एक पुरली असती. ते वाचलं आणि पत्र मिटून कपाटात चादरींखाली ठेवलं. तुमचं पत्र म्हणजे काही लपवायची वस्तू नाही, तरी ठेवलं.

आरसा निम्मा तुमचा आहे हे पुन्हा पुन्हा लिहू नका. नाही कोण म्हणतंय? मी या घरात नवी होते तेव्हा तुम्ही दोघा भावांनी न्हाणीघरात पिंप उभं केलं होतं. पिंपावर काचेची एक आठ इंची चकती, तिच्यावर दुसरी, मध्ये वाळूसारखी पूड आणि पाणी. एकानं घासत पिंपाभोवती फिरायचं, दमला की दुसऱ्यानं. काच खोलगट होऊन तिचा आरसा व्हावा म्हणून दीड वर्ष घासरघासर. मला अंघोळीला जायचं तर आधी दिराला विचारावं लागायचं, ‘भाऊजी, तुमची फेरी कधी संपते?’ आणि तुम्ही म्हणायचा, ‘वहिनी, आत्ता थांबलो तर खोलगटपणा बिघडेल.’ तुमचा खोलगटपणा सांभाळत मी दीड वर्ष पहाटे चारला अंघोळ केली.

आणि पहिल्या रात्री सिंह राशीतले ते तीन ठिपके दिसले, तेव्हा तुम्ही ‘दिसले! तिन्ही दिसले!’ असे ओरडलात, की गल्लीतले लोक चोर समजून काठ्या घेऊन आले. त्यातल्या एकालाही काही दिसलं नाही. मलाही दिसलं नव्हतं, पण मी हो म्हटलं होतं. त्या ठिपक्यांना दीर्घिका म्हणतात आणि एकेका ठिपक्यात अब्जावधी तारे असतात, हे मला गेल्या वर्षी पुस्तक वाचून कळलं.

तुमच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे आणि ऑपरेशन होण्याआधी, तुमच्या दादांच्या माघारी, ते तीन ठिपके त्याच आरशातून एकदा बघायचे आहेत. अमावास्येच्या आत आरसा हवा. समजलं. पहिल्याच पत्रात समजलं होतं.

समोरचे दातांचे डॉक्टर आत्ताच फाटकाशी येऊन गेले. ‘काकू, आज पौर्णिमा! आकाश काय स्वच्छ आहे! दुर्बीण काढा की बाहेर, आम्ही पण तारे बघतो.’

मी म्हटलं, ‘पौर्णिमेला तारे नाही दिसत, डॉक्टर. चंद्राच्या उजेडात सगळं धुऊन जातं.’

‘असं कसं? चांदण्या रात्रीच तर तारे बघतात!’

‘गाण्यात.’

ते हसले. त्यांच्या पाटीवर रात्रभर जळणारा तो पांढरा दिवा आहे ना, तो अमावास्येलासुद्धा पौर्णिमा करून ठेवतो. मी दहा वेळा सांगितलं. ते म्हणतात, ‘काकू, दाढ रात्रीच दुखते.’

पण डॉक्टरांवर कशाला चिडू? मीही लग्नानंतर पुष्कळ वर्षं तसंच समजत होते. चांदणं पडलं की तुमचे दादा वैतागायचे. ‘आला दिवाभीत!’ म्हणायचे चंद्राला, आणि दुर्बिणीवर खोळ चढवून पायरीवर येऊन बसायचे. म्हणजे महिन्यातल्या काळ्या रात्री त्यांच्या आणि उजेडाच्या माझ्या, अशी वाटणी आपोआप झालेली. मी रुग्णालयाच्या धोबीखान्यातून दमून यायची, ते कारखान्यातून. पायरीवर चहा प्यायचा. ते चंद्राला शिव्या द्यायचे आणि मी मनातल्या मनात त्याला म्हणायची, ये बाबा, रोज ये.

उजेड कमी झाला. दिवा लावून पुढचं लिहिते.

साडेसात

भाऊजी, मी दुर्बीण बाहेर काढली होती. चंद्र समोरच्या छपरावर आला होता, पिवळट, मोठा. एकटीनं नळी उचलली, तिवईवर बसवली, पाठीला तुमचं मलम लावलं. बघितलं. चंद्र दिसला. पांढरा, कडेनं विरघळल्यासारखा, भोवती धुक्याची झालर. आकाशात धुकं नाही. साध्या डोळ्यांनी त्याची कड सुरीनं कापल्यासारखी आहे.

लिहूनच टाकते.

तुमचे दादा गेल्या वर्षी जानेवारीत तीन आठवडे रुग्णालयात होते ते तुम्हाला ठाऊक आहे. छातीत पाणी झालं होतं. दिवसभर त्यांच्यापाशी बसून मी संध्याकाळी घरी यायची, आणि घर खायला उठायचं. मी धोबीखान्यात तेहतीस वर्षं काढली. जीव थाऱ्यावर नसला की मला काहीतरी धुवावं लागतं. पडदे धुतले, गाद्यांचे अभ्रे धुतले, पंख्याची पाती पुसली. मग म्हटलं, हे घरी येतील तेव्हा त्यांची दुर्बीण लख्ख असू दे. आत विजेरी मारली तर आरशावर धूळ, डाग, एक वाळलेला कोळीसुद्धा. त्यांना कसं चालतं हे, असं वाटलं. तिन्ही खिट्ट्या सोडल्या. हात कोरडे होते, भाऊजी.

आधी भांड्यांची पावडर आणि मऊ फडकं. मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून त्यात आरसा भिजत ठेवला, आम्ही डागाळलेल्या चादरी ठेवायचो तसा. सकाळी बघितलं तर कडेला दोन-तीन ठिकाणी काच आरपार दिसत होती. पलीकडून माझी बोटं दिसली. मला आनंद झाला. वा, म्हटलं, किती वर्षांचा थर निघाला!

तो थर म्हणजेच आरसा होता हे मला कुणी सांगितलं होतं? अडतीस वर्षांत त्या माणसानं एकदा तरी सांगायचं! ‘हात लावू नकोस’ एवढंच म्हणायचे, ते तर विळीलासुद्धा म्हणायचे.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी मी त्यांना शाल पांघरून अंगणात नेलं. त्यांनी नळीत विजेरी मारली आणि बराच वेळ वाकून राहिले. मला वाटलं दम लागला. मग सरळ झाले आणि म्हणाले, ‘लख्ख केलास गं.’

‘मग! तुम्ही कधी केला असता?’

‘धोबीखान्याची बाई ती धोबीखान्याचीच,’ असं म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी दोन दिवस फुलून होते.

त्यांचा हात थरथरायला लागला होता, म्हणून नोंदवही मी लिहायची. ते डोळा लावून सांगायचे, मी विजेरीला लाल कागद बांधून लिहायची. दोन एप्रिलला अमावास्येच्या जवळची रात्र होती आणि गल्लीतली वीज गेल्यानं डॉक्टरांचा दिवाही बंद होता. असं काळं आकाश मी त्या अंगणात कधी बघितलं नव्हतं. त्यांनी सिंहाकडे नळी फिरवली. खूप वेळ बघितलं. डोळा पुसला, पुन्हा बघितलं.

‘लिही,’ म्हणाले. ‘सिंह. तीन ठिपके. दिसले नाहीत. कारण, हवा खराब.’

‘अहो, हवा तर काचेसारखी आहे.’

‘वरची हवा. ती खालून कळत नाही. लिही तू.’

मी लिहिलं. माझ्या अक्षरात आहे. त्यांच्या वह्या तुम्हाला माहीत आहेत, भाऊजी. ढग असेल तर ढग, झोप लागली तर झोप, एकदा तर ‘बायकोशी भांडण, लक्ष लागले नाही’ असंसुद्धा लिहिलंय. एकवीस वह्यांत खोटी ओळ एकच, आणि ती माझ्या हातून लिहवून घेतली.

त्यानंतर ते म्हणायला लागले, ‘आता बारीकसारीक कोण शोधत बसणार? डोळे थकले. चंद्रच बघू.’ चंद्राला शिव्या देणारा माणूस! मला वाटलं, आजारानं मवाळ झाले. एप्रिल, मे, जून. चंद्र असेल त्या प्रत्येक संध्याकाळी मला खुर्ची घालायचे. ‘ये, तुझा पाहुणा आलाय.’ खड्डे दाखवले, डोंगर दाखवले, सावली कशी सरकते ते दाखवलं. मी पहिल्यांदा काहीतरी खरोखर बघत होते, नुसतं हो म्हणत नव्हते. भाऊजी, आमच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या संध्याकाळी त्या. मी तर एकदा म्हटलंसुद्धा, ‘इतकी वर्षं कुठे होता तुम्ही?’ ते म्हणाले, ‘सिंहात.’

जूनअखेरीस ते गेले. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

ऑगस्टमध्ये मी त्यांची पुस्तकं वाचायला घेतली. सातवीपर्यंत शिकलेली बाई, शब्दकोश मांडीवर घेऊन दिवसाला चार पानं. दिवाळखोर माणूस उरलंसुरलं हुडकतो तशी मी त्यांना त्या पानांत हुडकत होते. तिसऱ्या पुस्तकाच्या एकशे बाराव्या पानावर लिहिलंय की आरशावरचा चकाकता लेप केसाहूनही कितीतरी पातळ असतो, तो कधीही पुसू नये, सोड्याचं पाणी तर लागूच देऊ नये. आणि पुढे, असा आरसा खराब झाला तर मंद दीर्घिका दिसेनाशा होतात, चंद्र मात्र दिसत राहतो.

चंद्र मात्र दिसत राहतो. सुई टोचली तर शिंपीसुद्धा ओरडतो, या माणसाला तेवढंही जमलं नाही. मी पुस्तक भिंतीवर फेकलं. मग उठून आणलं, पान दुमडलं होतं ते सरळ केलं.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? लेप परत चढवून मिळतो. पुस्तकात आहे ते. पाठवला असता तर दोन-तीन महिन्यांत नवा झाला असता. पण पाठवायचा तर मला का पाठवतोय ते सांगावं लागलं असतं. आणि दोन-तीन महिने आपल्याकडे आहेत की नाहीत याचा हिशेब त्यांनी केला असणार, मला न विचारता. एकदा ओरडले असते, चार दिवस अबोला धरला असता, तर मी तो आरसा डोक्यावर घेऊन चालत गेले असते. त्याऐवजी मला खुर्ची घातली. आता त्या संध्याकाळी आठवल्या की सुख आधी होतं आणि मागून राग येतो, आणि दोन्ही एकत्र कसं सांभाळायचं ते कुठल्याच पुस्तकात नाही.

तुम्हाला मी सहा महिने फसवलं. खोकं नव्हतं हे खोटं. पाठ दुखते हे खरं. तुमचे दीड वर्षाचे हात मी एका रात्रीत बादलीत बुडवले. तुम्ही रागवा. मनापासून रागवा, मला ते हवंच आहे. फक्त ‘असू दे वहिनी’ असं लिहू नका. असू दे म्हणणारा एक होता, त्यानं पुष्कळ झालं.

आरसा मी पाठवत नाही. तुमचं खोकं रिकामंच परत करणार होते, पण तेही नाही. तुम्हीच या. कलम चार मोडून मी आज काचेवरून नख फिरवलं. दोन ठिकाणी अडकतं. म्हणजे ओरखडा काचेत गेला आहे आणि नुसत्या लेपानं भागणार नाही, पुन्हा घासावं लागेल. हो ना? तुमच्या डोळ्याच्या डॉक्टरांना विचारा किती थांबता येईल. हा वसंत गेला तर ठिपके पुढच्या वर्षी येतील, ते कुठे जात नाहीत. आपलं तसं नाही, म्हणून लवकर या.

पिंप मी न्हाणीघरात परत उभं केलंय. त्यात बटाटे ठेवत होते, ते काढले. एकाची फेरी संपली की दुसऱ्यानं धरायचं, आणि दुसरा आता मीच आहे. घासणं मला येतं. या वेळी कुठे थांबायचं ते तुम्ही सांगा.

दोन एप्रिलची ती ओळ खोडणार होते. पण ती त्यांची आहे, अक्षर माझं असलं तरी. तशीच ठेवली. तिच्याखाली आजची तारीख घालून एवढंच लिहिलं : ‘त्या रात्री हवा उत्तम होती.’ आणि वहीत पहिल्यांदाच माझी सही केली.

जाऊबाईंना घेऊन या. अंघोळीला पहाटे चारला उठायला लागेल हे आधीच सांगून ठेवा.

तुमची वाट बघत, आणि तुमच्या रागाचीही,
आरसा धुणारी
वहिनी