काळ्या काचेतून दिसलेली बाई

जकार्ता,
ईदचा दुसरा दिवस

प्रिय लास्त्रीताई,

ईदचा सलाम. गुडघ्याचं दुखणं कसं आहे? कोंबड्या अंडी घालतात ना? मी बरा आहे.

सगळे गावी गेल्यामुळे शहर ओस पडलंय. काल आठ पदरी रस्त्याच्या मधोमध एक मांजर पाय चाटत बसलं होतं, त्याच्यामागे माझा अर्धा तास गेला. रिकाम्या शहराचे फोटो काढायचेत म्हणून येत नाही, असं तुला कळवलं होतं. फोटो काढले, पण कारण ते नव्हतं.

माझ्याकडे तिकीट होतं, ताई. सणाआधी तीन दिवस सेनेन स्टेशनवर गेलोही. पाय ठेवायला जागा नव्हती. गाडीला वेळ होता म्हणून बाबांचा कॅमेरा ट्रायपॉडवर लावला. भिंगापुढे वेल्डिंगची काळी काच. अशी काच लावून पाच मिनिटं भिंग उघडं ठेवलं की हलणारी माणसं त्यात उमटतच नाहीत. काच देताना वेल्डर किर्नोदादा म्हणाला होता, "माणसं घालवायला काच कशाला? तू बोलायला लाग, आपोआप जातील."

फोटो हिरवट आला. एवढ्या गर्दीचा फलाट रिकामा. एकच बाई उरलेली, बोचक्यावर न हलता बसलेली.

"कुणाची वाट बघता, मावशी?"

"लेकाची. त्याला वेळेचं भान असतं तर काय हवं होतं. तू तरी चढ, सुटेल गाडी."

मी चढलो नाही.

गेल्या वर्षी गाडी चुकली म्हणून तुला सांगितलं, पण ती चुकली नव्हती. आपल्या क्लातेनला गाडी थांबली तेव्हा मी दारातच होतो. तू बाकावर बसली होतीस, मांडीवर डबा घेऊन. बाबांच्या मातीला आलो नाही, ते तोंड तुला कसं दाखवू? तसाच पुढे सोलोला गेलो. तू संध्याकाळपर्यंत बसलीस, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं.

आठवड्याने तुझा डबा आला, सोयाबीनच्या तळलेल्या टेम्पेचा. आत चिठ्ठी, 'पुढच्या खेपेला गाडीत खा, उतरायला जोर येईल.' मी हसून टेम्पे फस्त केलं. त्या बाईचा फोटो बघताना तुझा 'उतरायला' हा शब्द आठवला आणि कळलं, तू मला दारात पाहिलं होतंस. पाहूनही डबा पाठवलास. बाबांचा कॅमेराही माझ्यासारख्याच्या हाती तूच दिलास. हे सगळं कुठे ठेवू, ताई?

फोटो सोबत आहे. शुक्रवारी येतो. पत्र आधी पोचेल, म्हणजे रागवायला तुला दोन दिवस मिळतील. स्टेशनवर येऊ नकोस. मीच घरी येऊन तुझ्या गुडघ्यांवर डोकं ठेवतो, दुखरा सोडून. माफ केलं म्हणेपर्यंत हलणार नाही.

तुझा, आजवर एका जागी न बसलेला,
पांजी